टक्के कशाचे? : आयव्हीएफसाठी क्लिनिक निवडताना

२०२४ च्या मे महिन्यात आमचे तिसरे आययूआय (शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार) अयशस्वी झाले, तेव्हा आमच्या नेहमीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी सांगितले, की आता यात आणखी महिने घालवू नका, आयव्हीएफचा विचार करा. त्या स्वतः आयव्हीएफ (स्त्रीबीजे काढून, प्रयोगशाळेत त्यांचे फलन करून भ्रूण गर्भाशयात सोडण्याचा उपचार) करीत नाहीत. त्यांनी दोन नावे सुचवली, पण ‘मी सांगते म्हणून जाऊ नका, चार ठिकाणी बसून बोला’ असेही बजावले. माझे वय तेव्हा ३६ होते आणि लग्नाला सात वर्षे झाली होती. नवऱ्याची वीर्यतपासणी चांगली होती, बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारे माझे एएमएच १.३ होते आणि गर्भनलिकांच्या एचएसजी तपासणीत उजवी नळी मोकळी, डावी बंद असे निदान होते. एवढ्या चार ओळींची आमची फाइल घेऊन आम्ही जून ते ऑगस्ट या काळात चार क्लिनिक पाहिली.

पुण्यात आयव्हीएफ क्लिनिकांची कमतरता नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. रिक्षांच्या पाठीवर, चौकातल्या मोठ्या फलकांवर, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर सगळीकडे गुटगुटीत बाळांची छायाचित्रे असतात आणि त्यांतून काहीच कळत नाही. नातेवाईक आणि मैत्रिणींना विचारले, तर ज्यांना मूल झाले त्यांना आपले क्लिनिक उत्तम वाटते आणि ज्यांना झाले नाही त्या विषयच काढत नाहीत. माझ्या मामेबहिणीला पहिल्याच प्रयत्नात जुळे झाले, म्हणून ती मला तिच्या डॉक्टरांकडे ओढून नेण्याच्या बेतात होती. तिचे वय तेव्हा २८ होते आणि दोष तिच्या यजमानांकडे होता. तिच्या यशावरून माझ्याबद्दल काही सांगता येणार नव्हते, पण हे तिला समजावताना मला फार जपून बोलावे लागले.

सर्वांत आधी आम्ही नोंदणी पाहिली. सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान नियमनाचा २०२१ चा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला आहे आणि त्यानुसार प्रत्येक क्लिनिकची नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणीचे दोन स्तर आहेत : पहिल्या स्तरावरच्या क्लिनिकला फक्त आययूआयपर्यंतचे उपचार करता येतात, आयव्हीएफसाठी दुसऱ्या स्तराची नोंदणी लागते. हे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असले पाहिजे आणि त्यावर मुदत लिहिलेली असली पाहिजे. चारही ठिकाणी ते होते. एका ठिकाणी मात्र ते स्वागतकक्षाच्या मागच्या भिंतीवर, मोठ्या कुंडीआड होते, आणि मी वाकून मुदत वाचू लागले तेव्हा तिथल्या मुलीने ‘काय हवंय मॅडम?’ असे जरा तुटकपणेच विचारले. मला वाटते, हा प्रश्न विचारण्याची वेळ कोणावर येऊ नये. नोंदणी असणे ही किमान अट आहे, गुणवत्तेची खूण नव्हे, पण जिथे ती वाचू द्यायला कोणी कचरते तिथे पुढचे प्रश्न विचारणेही जड जाते.

मी एका सहकारी बँकेच्या अंतर्गत तपासणी विभागात काम करते. कोणी टक्केवारी सांगितली, की छेदात काय आहे हे विचारायची मला सवय आहे. पहिल्या क्लिनिकमध्ये डॉक्टरांच्या आधी समुपदेशक म्हणून एक तरुणी भेटली आणि तिने दुसऱ्याच मिनिटाला सांगितले, ‘आमचा सक्सेस रेट सत्तर टक्के आहे.’ मी विचारले, ‘टक्के कशाचे?’ तिला प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारले : इंजेक्शने सुरू केलेल्या शंभर जणींपैकी सत्तर, की ज्यांच्या गर्भाशयात भ्रूण सोडले त्या शंभर जणींपैकी सत्तर? आणि सत्तर म्हणजे बाळ घेऊन घरी गेलेल्या, की रक्ततपासणी पॉझिटिव्ह आलेल्या? तिने आत जाऊन विचारून आल्यावर ‘पॉझिटिव्ह’ असे उत्तर दिले आणि छेदाचे उत्तर दिलेच नाही.

हा फरक शब्दांचा नाही. आयव्हीएफच्या वाटेवर प्रत्येक टप्प्याला माणसे गळतात. काही जणींची इंजेक्शने सुरू होतात, पण बीजे पुरेशी वाढत नाहीत आणि सायकल, म्हणजे त्या पाळीतला उपचार, रद्द होते. काहींची बीजे निघतात, पण फलन होत नाही. काहींचे फलन होते, पण पाचव्या दिवसापर्यंत एकही भ्रूण टिकत नाही. ज्यांना ट्रान्सफरपर्यंत, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडण्यापर्यंत, पोचता येते त्यांच्यातही बीटा एचसीजी ही गर्भधारणेची रक्ततपासणी पॉझिटिव्ह येऊन पुढे गर्भ न टिकण्याचे प्रमाण लहान नसते. छेदातून या सगळ्या गळलेल्या बायका काढून टाकल्या आणि अंशात फक्त पहिली रक्ततपासणी धरली, तर कोणत्याही क्लिनिकचा आकडा दिमाखदार दिसेल. त्यात दात्या स्त्रियांच्या बीजांवर झालेल्या सायकली मिसळल्या, तर तो आणखी वाढेल, कारण कायद्याने बीजदात्या स्त्रीचे वय २३ ते ३५ असते आणि बीजाचे वय हाच यशातला सर्वांत मोठा घटक आहे. ब्रिटनमध्ये या क्षेत्राची नियामक संस्था क्लिनिकनिहाय आणि वयोगटानुसार जन्मांचे आकडे लोकांसाठी खुले ठेवते. आपल्याकडे तसे आकडे हाताशी नसल्याने मी तिथली मोजण्याची पद्धत तेवढी घेतली आणि एकच प्रश्न पक्का केला : गेल्या वर्षी तुमच्याकडे ३५ ते ३७ वयाच्या किती स्त्रियांनी स्वतःच्या बीजावर सायकल सुरू केली आणि त्यांतल्या किती जणींना बाळ झाले?

चारपैकी दोन ठिकाणी या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. तिसऱ्या ठिकाणी ‘असं वयानुसार आम्ही काढत नाही’ हे प्रामाणिक उत्तर मिळाले. चौथ्या ठिकाणी डॉक्टरांनी खणातून एक छापील तक्ता काढला. त्यातला आमच्या वयोगटाचा आकडा पहिल्या क्लिनिकच्या सत्तरच्या निम्म्याहूनही कमी होता. तो पाहून नवऱ्याचा चेहरा उतरला आणि मला बऱ्याच दिवसांनी पायाखाली जमीन असल्यासारखे वाटले.

दुसऱ्या क्लिनिकबद्दल लिहिताना मला अजूनही त्रास होतो. तिथे डॉक्टरांनी एएमएचचा आकडा पाहिला, मान हलवली आणि पाच मिनिटांच्या आत दात्या स्त्रीच्या बीजाचा विषय काढला. दात्या बीजामुळे ज्यांच्या घरी मूल आले अशी कुटुंबे मला माहीत आहेत आणि त्यात कमीपणा काहीच नाही. परंतु एएमएच बीजांच्या साठ्याचा अंदाज देते, त्यांच्या गुणवत्तेबद्दल ते काही सांगत नाही. ३६ व्या वर्षी १.३ हा आकडा थोडा कमी असला, तरी स्वतःच्या बीजावर एकदाही प्रयत्न न करता ती वाट सोडून द्यावी इतका तो कमी नव्हता. सोनोग्राफीत अंडाशयांतल्या, बीजे ज्यांत वाढतात त्या लहान पुटिका मोजण्याचीही तसदी तिथे कोणी घेतली नाही. बाहेर पडताना आमच्या हातात तीन सायकलींचे पॅकेज, ‘बाळ न झाल्यास पैसे परत’ अशी योजना आणि मासिक हप्त्यांचा तक्ता असलेली चकचकीत फाइल दिली गेली. घरी येऊन बारीक अक्षर वाचले, तेव्हा कळले, की ती परताव्याची योजना ठरावीक वयाखालच्या आणि ठरावीक एएमएचवरच्या जोडप्यांसाठीच होती, म्हणजे ज्यांना तिची गरज पडण्याची शक्यता सर्वांत कमी त्यांच्यासाठी. त्या रात्री मी जेवले नाही. सासूबाई काही न विचारता माझ्या शेजारी बसून राहिल्या.

सासूबाईंनीच दुसऱ्या दिवशी १९८६ ची आठवण सांगितली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, ती बातमी त्यांनी नव्या नवरी असताना वाचली होती आणि डॉ. इंदिरा हिंदुजा हे नाव त्यांना अजून पाठ होते. त्यांना माहीत नव्हते ते इतकेच, की त्या कामात हिंदुजांच्या बरोबरीने डॉ. टी. सी. आनंदकुमार हे परळच्याच संशोधनसंस्थेतले शास्त्रज्ञ होते. त्याआधी १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये जगातले पहिले असे बाळ जन्मले, तिथेही पॅट्रिक स्टेप्टो हे शल्यविशारद होते आणि रॉबर्ट एडवर्ड्स, ज्यांना पुढे २०१० मध्ये नोबेल मिळाले, ते प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ होते. हे वाचताना माझ्या लक्षात आले, की आम्ही आतापर्यंत फक्त डॉक्टरांना भेटत होतो. आमचे भ्रूण पाच-सहा दिवस ज्यांच्या हाती राहणार, त्या माणसाचे नावही आम्ही कुठे विचारले नव्हते.

त्यानंतर मी एम्ब्रियॉलॉजिस्टबद्दल, म्हणजे प्रयोगशाळेत भ्रूण सांभाळणाऱ्या तज्ज्ञाबद्दल, विचारू लागले आणि या विषयात सर्वांत जास्त शिकायला मिळाले ते इथे. लहान क्लिनिकमध्ये एम्ब्रियॉलॉजिस्ट पुष्कळदा कायम नेमलेला नसतो, तो बाहेरून येतो. त्याच्या येण्याच्या तारखा ठरलेल्या असतात, म्हणून आठ-दहा जणींच्या पाळ्या गोळ्यांनी मागेपुढे करून सर्वांचे एग पिकअप (बीजे काढणे) त्याच तीन-चार दिवसांत घेतले जाते. याला तिथली मंडळी ‘बॅच’ म्हणतात. बॅच असणे म्हणजे फसवणूक नव्हे, जिथे दुसरी सोय नाही अशा गावांमध्ये त्यामुळेच उपचार शक्य होतात. पण ट्रिगरचे, म्हणजे बीजे पिकवणारे शेवटचे, इंजेक्शन दिल्यावर साधारण ३४ ते ३६ तासांत बीजे काढावी लागतात, आणि ट्रिगर कधी द्यायचा हे माझ्या पुटिकांच्या वाढीवरून ठरावे, दुसऱ्या कोणाच्या प्रवासाच्या वेळापत्रकावरून ठरू नये, असे मला वाटत होते. शिवाय पिकअपनंतर तो माणूस निघून गेला, तर तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी भ्रूणाकडे कोण पाहते? म्हणून माझे प्रश्न साधे होते : एम्ब्रियॉलॉजिस्ट इथलेच आहेत का, रविवारी येतात का, वीज गेली तर इनक्युबेटरला किती वेळाचा आधार आहे, आणि प्रयोगशाळेतल्या नळीवर नाव लिहिताना आणि ती उघडताना दुसरी व्यक्ती साक्षीला असते का. शेवटचा प्रश्न ऐकून तिसऱ्या क्लिनिकच्या डॉक्टर हसल्या आणि ‘इतकं टेन्शन नका घेऊ’ म्हणाल्या. बँकेत तिजोरी उघडायला दोन किल्ल्या लागतात, त्यात कोणी हसण्यासारखे पाहत नाही.

हे तिसरे क्लिनिक इतर बाबतींत चांगले होते. वागणूक सौम्य होती, घाई नव्हती. आमचे मन तिथेच बसत चालले होते. पण त्यांच्या अंदाजपत्रकात सरसकट इक्सी धरलेले होते, म्हणजे प्रत्येक बीजात सुईने एकेक शुक्राणू सोडण्याची पद्धत. पुरुषाकडे दोष असताना ही पद्धत वरदान आहे. वीर्यतपासणी चांगली असताना मात्र तिच्यामुळे बाळ होण्याची शक्यता वाढत नाही, खर्च तेवढा वाढतो. त्याखेरीज भ्रूणाचे कवच लेसरने पातळ करणे, गर्भाशयाच्या अस्तराला आधी ओरखडा देणे अशा दोन-तीन गोष्टी ‘शक्यता वाढवण्यासाठी’ म्हणून जोडलेल्या होत्या. यांतले माझ्यासाठी नेमके काय आणि का, हे विचारल्यावर ‘आम्ही सगळ्यांनाच देतो’ असे उत्तर आले. जे सगळ्यांनाच दिले जाते ते माझी फाइल वाचून ठरवलेले नसते, हे मला तिथे पहिल्यांदा स्पष्ट दिसले.

चौथे क्लिनिक नदीपलीकडे, कर्वे रस्त्याच्या पुढे, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. दर्शनी भाग साधा आहे. डॉक्टर साठीच्या आसपासच्या. त्यांनी अहवाल बाजूला ठेवून एचएसजीची मूळ फिल्म मागितली, जी पहिल्या तिन्ही ठिकाणी पाकिटातून बाहेरही आली नव्हती. ती त्यांनी खिडकीच्या उजेडात बराच वेळ धरली आणि नवऱ्याला जवळ बोलावून डाव्या नळीचे टोक दाखवले. नळी फक्त बंद नव्हती, ती पाण्याने फुगलेली होती. याला हायड्रोसाल्पिंक्स म्हणतात. ते पाणी गर्भाशयात झिरपत राहते आणि त्यामुळे आयव्हीएफमध्ये भ्रूण रुजण्याची शक्यता जवळजवळ निम्म्यावर येते, म्हणून अशी नळी ट्रान्सफरच्या आधी दुर्बिणीतून काढून टाकावी किंवा गर्भाशयाशी बांधून तोडावी लागते. आमच्या अहवालात ‘नळी रुंदावलेली’ असे दोन शब्द होते. तीन तज्ज्ञांच्या नजरेखालून ते गेले होते, आणि आमच्याही.

त्यांनी पुढे जो क्रम सांगितला तो फक्त आमच्यासाठीच लागू पडणारा होता. माझा बीजांचा साठा थोडा कमी असल्याने शस्त्रक्रियेत अंडाशयाच्या रक्तपुरवठ्याला धक्का लागण्याचा धोका आधी पत्करायचा नाही. म्हणून आधी बीजे काढून भ्रूण तयार करायचे, ते गोठवायचे, मग नळीची शस्त्रक्रिया, आणि सगळे बरे झाल्यावर ट्रान्सफर. काढलेली नळी क्षयरोगाच्या तपासणीसाठीही पाठवायची, कारण आपल्या देशात नळ्या खराब होण्यामागे जननमार्गाचा क्षय हे एक मोठे कारण आहे आणि तो पुष्कळदा कोणतेही लक्षण न दाखवता राहतो. इक्सीची गरज नाही, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. ‘सहा महिने जास्त लागतील. चालेल का, ते दोघांनी घरी बोलून ठरवा’, इतकेच त्या शेवटी म्हणाल्या.

एम्ब्रियॉलॉजिस्टना त्यांनी आतून बोलावून घेतले. साक्षीच्या प्रश्नावर त्यांनी मला त्यांच्या नोंदवहीचे एक पान, नावे झाकून, दाखवले : प्रत्येक टप्प्यापुढे वेळ आणि दोन सह्या होत्या. संमतिपत्रे मराठीत होती. इतर तीनपैकी दोन ठिकाणी ती फक्त इंग्रजीत होती आणि ‘नंतर वाचा, ही फॉर्मॅलिटी असते’ असे सांगितले गेले होते, हे मला तेव्हा आठवले आणि पटले नाही.

माझा शेवटचा प्रश्न पुण्यात राहणाऱ्यालाच सुचेल असा होता. आम्ही नारायण पेठेत राहतो, एका बाजूला लक्ष्मी रस्ता आणि दुसऱ्या बाजूला केळकर रस्ता, दोन्ही विसर्जन मिरवणुकीचे मार्ग. पाळी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अपेक्षित होती, म्हणजे इंजेक्शने गणेशोत्सवात येणार आणि पिकअप अनंत चतुर्दशीच्या आसपास. हाच प्रश्न तिसऱ्या क्लिनिकमध्ये विचारला, तेव्हा ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ हे उत्तर मिळाले होते. इथे डॉक्टरांनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून टेबलावर ठेवले, १७ तारखेवर बोट ठेवले आणि विचारले, ‘नदीच्या या बाजूला तुमचं कोणी आहे?’ माझे माहेर कोथरूडला आहे.

पाळी ६ सप्टेंबरला आली. ७ तारखेला, चतुर्थीच्या दिवशी, पहिले इंजेक्शन घेतले. घरी गणपती आणि गौरींचे सगळे सासूबाईंनी एकटीने केले, आणि मी आईकडे राहून रोज संध्याकाळी आठ वाजता फ्रिजमधले इंजेक्शन काढून नवऱ्याकडून घेत होते. १६ तारखेला रात्री साडेनऊला ट्रिगर, १८ ला सकाळी साडेनऊला पिकअप. त्या सकाळी आम्ही कोथरूडहून निघालो तेव्हा मिरवणूक अजून संपलेली नव्हती. पेठेत राहिलो असतो, तर काय झाले असते याचा विचार मी करीत नाही.

नऊ बीजे निघाली. सहांचे फलन झाले. सहाव्या दिवशी दोन ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाच-सहा दिवस वाढलेले भ्रूण, गोठवता आले. नऊचे दोन होणे मनाला लागते, पण एम्ब्रियॉलॉजिस्टनी हा उतार आधीच कागदावर काढून दाखवला होता आणि रोज दुपारी त्यांचा फोन येत होता, त्यामुळे तो धक्का म्हणून आला नाही. खर्चाचेही तसेच झाले. त्यांनी सुरुवातीला लिहून दिलेल्या कागदावर सायकलचे १,४५,०००, इंजेक्शनांचे अंदाजे ६०,०००, गोठवण्याचे ३०,००० आणि गोठवलेल्या भ्रूणाच्या ट्रान्सफरचे ४५,००० अशा चार ओळी होत्या, आणि प्रत्यक्षात फरक पडला तो इंजेक्शनांच्या दोन हजारांचा. पहिल्या क्लिनिकचे ‘फक्त १,२०,०००’ यापेक्षा स्वस्त दिसत होते, कारण त्यात शेवटच्या तीन ओळी नव्हत्या. ज्यांना हा खर्च करायचा आहे त्यांनी पॅकेजमध्ये काय आहे हे विचारण्यापेक्षा काय नाही ते लिहून मागावे. आमच्या आरोग्य विम्यात वंध्यत्वावरचा उपचार वगळलेला होता, तेही आधीच वाचून घेतले होते.

डिसेंबरमध्ये नळीची शस्त्रक्रिया झाली, क्षयाची तपासणी निर्दोष आली, आणि २०२५ च्या मार्चमध्ये पहिला भ्रूण सोडला. चौदा दिवसांनी बीटा एचसीजी निगेटिव्ह आले. हा फोन डॉक्टरांनी स्वतः केला. दहा दिवसांनी त्यांनी दोघांना बोलावले, सगळ्या नोंदी पुन्हा समोर ठेवल्या आणि सांगितले, की भ्रूण दिसायला उत्तम होता, अस्तर चांगले होते, नेमके कारण मला सांगता येणार नाही, बहुधा भ्रूणाच्या गुणसूत्रांतला दोष असावा. कोणतीही नवी तपासणी त्यांनी त्या दिवशी सुचवली नाही. मामेबहिणीने आणि आणखी दोघींनी क्लिनिक बदलायला सांगितले. आम्ही बदलले नाही. त्या तक्त्यातला आमच्या वयाचा आकडा आम्ही पाहिला होता, बहुतेक जणींना पहिल्या ट्रान्सफरला बाळ होत नाही हे त्यातच लिहिलेले होते, आणि आम्हाला ते माहीत असूनही मी खूप रडले.

त्यानंतर उन्हाळाभर सासूबाईंचे आजारपण चालले आणि पुढची तारीख लांबली. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या भ्रूणाच्या साठवणीचे वर्ष पुरे झाले, म्हणून नूतनीकरणाचा अर्ज भरायला गेलो. कायद्याने भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवता येतो. अर्जात विचारले होते, की दोघांपैकी एक हयात नसल्यास किंवा दोघे वेगळे झाल्यास याचे काय करायचे. आम्ही बाहेरच्या बाकावर बसून तो प्रत्येक प्रश्न एकमेकांना वाचून दाखवला, उत्तरे लिहिली, सह्या केल्या. एम्ब्रियॉलॉजिस्टनी आमच्यासमोर टाकीचा आणि नळीचा क्रमांक अर्जाशी ताडून पाहिला आणि खाली दुसरी सही घ्यायला नर्सला हाक मारली. ट्रान्सफर दिवाळीनंतरच्या पाळीत ठरले आहे.